ढिगाच्या आतला ओला दाणा

(ऑनलाइन खरेदीतील फसवणूक आणि इस्लामी व्यापारनीती या विषयावरील नभोवाणी-भाषणाचा संपादित मजकूर)

माझे चाचा एस.टी.मध्ये कंडक्टर होते. ३१ वर्षे त्यांनी कोकणातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर तिकिटे फाडली. त्या काळी तिकिटांची पत्र्याची पेटी असे, हातात पंच असे आणि रात्री मुक्कामाला पोचल्यावर वे-बिलाशी रोकड जुळवावी लागे. कमी पडले तर पदरचे भरायचे. चाचा अभिमानाने सांगतात की, पदरचे भरायची वेळ साऱ्या नोकरीत दोन-चारदाच आली. अशा हिशेबी माणसाचे ४८ हजार रुपये एका दुपारी, चहा उकळून थंड होईपर्यंतच्या वेळात गेले.

झाले असे. त्यांची नात शिवणकामाचा कोर्स करते. तिला शिलाई मशीन घ्यायचे चाचांच्या मनात होते. मोबाइलवर जाहिरात दिसली. विजेवर चालणारे मशीन, किंमत अवघी १,७९९ रुपये. शेजारी उलटे धावणारे घड्याळ आणि 'आता फक्त ३ शिल्लक' अशी लाल अक्षरे. खाली समाधानी गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांची रांग. पैसे माल हातात पडल्यावर द्यायचे होते, म्हणून चाचा निर्धास्त. आठवड्याने खोके आले. पैसे दिले, खोके उघडले, तर आत स्टेपलरएवढे प्लॅस्टिकचे खेळणे.

तक्रार करावी म्हणून चाचांनी मोबाइलवरच कंपनीचा नंबर शोधला. तो नंबरही भामट्यांचाच निघाला. पलीकडचा मुलगा मोठ्या अदबीने बोलला. 'चाचाजी, पैसे आत्ता परत करतो. एवढे एक ॲप घ्या आणि नोंदणीचे दहा रुपये भरा.' पुढे काय काय दाबले ते चाचांना आजही नीट सांगता येत नाही. तीन संदेश आले आणि खाते रिकामे झाले.

पैसे गेल्याचे दुःख होतेच. पण मला जी गोष्ट लागली ती त्यानंतरची. दोह्याहून मुलाचा फोन आला. तो आपल्या आईला म्हणाला, 'अम्मी, आता अब्बांच्या हातात मोबाइल देऊ नका.' मोबाइल कपाटात गेला. चाचांना बटणांचा साधा फोन मिळाला. पासबुक सुनेकडे गेले. रोज सकाळी मासळी आणायला जाणारे, बांगड्याचे कल्ले उघडून पाहिल्याशिवाय पैसे न काढणारे चाचा म्हणू लागले, 'मला काय कळतंय? तुम्हीच आणा.' दोह्यातला नातू ज्या पडद्यावर हसायचा, तो पडदाही त्या कपाटातच बंद झाला.

फसवले एकाने आणि बाजारातून उठावे लागले दुसऱ्याला. हा न्याय कुठला? मी वाणिज्य शिकवणारा निवृत्त शिक्षक. आलिम नाही, मुफ्ती तर नाहीच. पण हा प्रश्न घेऊन मी हदीसच्या आणि फिक्हच्या, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या पुस्तकांतली खरेदी-विक्रीची प्रकरणे पुन्हा वाचली. तिथे जे सापडले, ते आज आपल्यापुढे मांडतो. ते मुसलमानांपुरतेच आहे असे समजू नका. बाजार सगळ्यांचा असतो.

पावसाचा दोष नव्हता

'सहीह मुस्लिम' या हदीस-संग्रहातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. पैगंबर मुहंमद (स.) बाजारातून चालले होते. धान्याचा एक ढीग दिसला. त्यांनी ढिगात हात घातला. वर कोरडे धान्य, पण आत बोटांना ओल लागली. त्यांनी व्यापाऱ्याला विचारले, हे काय? तो म्हणाला, पाऊस लागला. त्यावर पैगंबरांनी विचारले की, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि बजावले की, जो फसवतो तो आपल्यातला नव्हे.

या छोट्या प्रसंगात बारकावे पुष्कळ आहेत. त्या व्यापाऱ्याने धान्यात खडे मिसळले नव्हते, काटाही मारला नव्हता. कदाचित तो तोंडाने एक शब्दही खोटे बोलला नसेल. पावसाचा दोष त्याच्या माथी कुणी मारला नाही. ओले धान्य विकूच नको, असेही त्याला सांगितले नाही. त्याचा दोष एवढाच की, जे गिऱ्हाइकाला दिसायला हवे होते ते त्याने खाली ठेवले. वस्तूचा ऐब माहीत असताना गप्प बसणे हीच इथे फसवणूक.

इंग्रजी कायद्यात एक जुने तत्त्व आहे, की खरेदीदाराने स्वतः सावध राहावे. आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्यातही ते आले, अर्थात अपवादांसह. इस्लामी व्यापारनीतीचा रोख वेगळा आहे. गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत हे खरेच, पण विक्रेत्याने आधी तोंड उघडले पाहिजे. कारण ऐब कुठे आहे हे त्याला ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते.

इमाम गझाली हे अकराव्या-बाराव्या शतकातले थोर विचारवंत. त्यांच्या 'इह्या' या ग्रंथात उपजीविकेच्या नीतीवर एक संपूर्ण भाग आहे. त्यात इब्न सीरीन यांची गोष्ट येते. त्यांनी एक मेंढी विकली. विकताना गिऱ्हाइकाला म्हणाले, हिची एक खोड सांगून मोकळा होतो. ही वैरण पायाने विस्कटते. आजच्या भाषेत सांगायचे तर विक्रेत्याने आपल्याच मालाखाली पहिला प्रतिकूल अभिप्राय स्वतः लिहिला!

मोबाइलवरच्या दुकानात वरचे कोरडे धान्य म्हणजे ते झगमगते छायाचित्र. आतली ओल असते ती बारीक अक्षरांत, न सांगितलेल्या मापात, वापरलेला माल नवा म्हणून खपवण्यात. आणि इथे गिऱ्हाइकाला ढिगात हात घालायची सोयच नाही. मासळीबाजारात चाचा कल्ले उघडून पाहू शकत होते. पडद्यावर कोणते कल्ले उघडणार?

न पाहिलेल्या मालाचा सौदा

न पाहता खरेदी करण्याचा प्रश्न मोबाइलबरोबर जन्मला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उंटांच्या काफिल्यांच्या काळातही माल दूर आणि गिऱ्हाईक इकडे, अशी स्थिती असायची. त्यामुळे फिक्हच्या पंडितांनी यावर भरपूर खल केला.

हनफी पंथ सांगतो की, न पाहिलेल्या वस्तूचा सौदा करता येतो, पण वस्तू पाहिल्यावर ती ठेवायची की परत करायची, हा अधिकार खरेदीदाराकडे राहतो. त्याला 'खियार-उर-रुयत', म्हणजे पाहिल्यानंतरचा पर्याय, असे म्हणतात. हनफी ग्रंथांत याचा दाखलाही दिला जातो. हजरत उस्मान यांनी आपली दूरची जमीन हजरत तल्हा यांना विकली. दोघांनीही ती पाहिलेली नव्हती. लोक दोघांनाही सांगू लागले, तुम्ही फसलात. दोघेही म्हणाले, सौदा मोडायचा अधिकार मला आहे. वाद जुबैर इब्न मुतइम यांच्यापुढे गेला. त्यांनी निवाडा दिला की, हा अधिकार घेणाऱ्याचा, म्हणजे तल्हांचा. विकणारे उस्मान हे किती मोठ्या योग्यतेचे होते, हे लक्षात घेतले की या निवाड्याचे वजन कळते.

आमच्या कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. शाफई मत आणखी कडक आहे. समोर नसलेली, न पाहिलेली विशिष्ट वस्तू विकणेच त्यांच्या प्रचलित मतानुसार वैध नाही. मात्र वर्णन करून, प्रत आणि माप ठरवून माल पुरवण्याचा करार त्यांनाही मान्य आहे. त्याचे नाव 'सलम'. मदिनेचे लोक खजुरासाठी एक, दोन, तीन वर्षे आधी पैसे मोजत. पैगंबरांनी ती पद्धत बंद केली नाही. त्यांनी अट घातली की, माप ठरलेले हवे, वजन ठरलेले हवे आणि मुदत ठरलेली हवी. आगाऊ पैसे भरून मागवलेल्या प्रत्येक पार्सलाला ही तीन वाक्ये लावून पाहा. काय येणार, किती येणार, कधी येणार? यातले एकही संदिग्ध असेल तर सौदा 'गरर', म्हणजे धोकादायक अनिश्चिततेकडे झुकतो.

दोन्ही पंथांची वाट वेगळी, पण मुक्काम एकच. म्हणून 'सात दिवसांत परत घेऊ' ही काही दुकानदाराची मेहेरबानी नव्हे. ज्याला पाहू दिले नाही, त्याचा तो हक्क आहे.

आणखी एक हदीस आजच्या तरुणांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. जे तुझ्याजवळ नाही ते विकू नकोस, असे पैगंबरांनी हकीम इब्न हिझाम यांना सांगितले. आज अनेकजण दुसऱ्याच्या मालाची छायाचित्रे आपल्या पानावर लावतात, पैसे घेतात आणि मग माल शोधायला निघतात. माल मिळाला तर ठीक, नाही तर फोन बंद. यावर आजचे अनेक आलिम मार्ग सांगतात. एक तर मी मालक नसून मध्यस्थ आहे, माझी दलाली इतकी आहे, हे उघड सांगावे. नाही तर सलमच्या अटी पाळून पुरवठ्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घ्यावी. अधांतरी राहून गिऱ्हाइकाच्या पैशावर जुगार खेळू नये.

फुगवलेली कास

आता जाहिरातीकडे येऊ. अरबस्तानात जनावर विकायच्या आधी दोन-तीन दिवस त्याचे दूध काढत नसत. कास तट्ट फुगे आणि गिऱ्हाइकाला वाटे, काय दुभते जनावर आहे! आपल्या गुरांच्या बाजारालाही ही युक्ती अपरिचित नाही. पैगंबरांनी ती निषिद्ध ठरवली. अशी बकरी किंवा उंटीण घेतलेल्याने दूध काढून पाहावे, मग वाटल्यास ठेवावी, नाही तर परत करावी. काही कथनांत यासाठी तीन दिवसांची मुदत सांगितली आहे.

दुसरी युक्ती 'नजश'. लिलावात आपलाच माणूस उभा करायचा. त्याला घ्यायचे काहीच नसते. तो फक्त बोली चढवतो आणि खरे गिऱ्हाईक भरीला पडते. हेही पैगंबरांनी मना केले. चाचांच्या जाहिरातीखाली समाधानी गिऱ्हाइकांची जी रांग होती, ती नजशच होती. एका मशीनचे अभिप्राय पैसे देऊन लिहून घेतलेले आणि उलटे धावणारे घड्याळ शून्यावर पोचले की पुन्हा पहिल्यापासून सुरू! असे अभिप्राय लिहून घरबसल्या पैसे मिळवणारी मुले म्हणतात, 'आम्ही कुणाला लुटले? दोन ओळी तर लिहिल्या.' लिलावात बोली चढवणाराही कुणाचा खिसा कापत नव्हता. पण त्याच्याशिवाय खिसा कापला गेला नसता.

फुगवलेल्या कासेच्या त्या आज्ञेत एक शेपूटही आहे आणि तेच मला सर्वांत मोलाचे वाटते. बकरी परत करणाऱ्याने, मधल्या काळात जे दूध काढले त्याबद्दल, एक साअ खजूर द्यावे. साअ म्हणजे एक माप. पाहा, फसवला गेला तो खरेदीदार. तरी त्याने प्यालेल्या दुधाचा हिशेब सुटला नाही.

हे आपल्याला, म्हणजे गिऱ्हाइकांना, लागू आहे. लग्नासाठी साडी मागवायची, नेसून मिरवायचे, आणि 'रंग आवडला नाही' म्हणून परत पाठवायची. नवा चार्जर काढून खोक्यात जुना घालायचा. माल मिळूनही 'मिळाला नाही' अशी तक्रार करायची. दारात आलेले पार्सल गंमत म्हणून नाकारायचे. समोर मोठी कंपनी आहे, तिला काय फरक पडतो, असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा त्या पार्सलामागे कोकमाचे आगळ आणि कुळथाचे पीठ विकणारा एखादा बायकांचा गट असतो. जाण्या-येण्याचा खर्च त्यांच्या अंगावर पडतो. कुराणातील 'मुतफ्फिफीन' ही सुरा याच माणसांवर बोट ठेवते. घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना माप मारतात, अशांना ती धिक्कारते. ती फक्त दुकानदाराला उद्देशून आहे, असे कुणी समजू नये.

'कबूल आहे' म्हणजे काय?

आपल्या मराठी बाजारात कितीतरी शब्द मुळात अरबी आहेत. हिशेब, रक्कम, नफा, दलाल, जिन्नस, मुदत, जामीन, ऐब. त्यातलाच एक 'कबूल'. इस्लामी करारात एका पक्षाचा प्रस्ताव आणि दुसऱ्याचे 'कबूल' मिळून सौदा पुरा होतो. कुराणाच्या 'निसा' सुरेत सांगितले आहे की, एकमेकांची मालमत्ता गैरमार्गाने खाऊ नका, उभयतांच्या राजीखुशीने होणारा व्यापार तेवढा योग्य.

आज ही राजीखुशी अंगठ्याच्या एका स्पर्शावर आली आहे. 'सर्व अटी मान्य' यावर आपण खूण करतो. त्या अटी कुणी वाचत नाही आणि वाचाव्यात अशा त्या लिहिलेल्याही नसतात. नंतर तक्रार केली की उत्तर मिळते, 'तुम्हीच तर कबूल केले होते.'

या उत्तराला गझालींनी दिलेली एक गोष्ट पुरेशी आहे. बसऱ्याचे यूनुस इब्न उबैद कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या दुकानात दोन प्रतीचे पोशाख होते. एक ४०० दिरहमचा, एक २०० चा. ते नमाजाला गेले असता पुतण्या दुकानात होता. एका खेडूत अरबाने ४०० चा पोशाख मागितला. पुतण्याने २०० वाला दाखवला. खेडुताला तो पसंत पडला. त्याने राजीखुशीने ४०० मोजले. वाटेत यूनुस भेटले. त्यांनी पोशाख ओळखला आणि किंमत विचारली. 'चारशे.' 'हा दोनशेच्या वरचा नाही. परत चला.' खेडूत म्हणाला, आमच्या मुलखात हा पाचशेला जाईल आणि मी खूश आहे. यूनुस ऐकेनात. त्याला दुकानात आणून २०० दिरहम परत केले आणि पुतण्याची कानउघाडणी केली. पुतण्या म्हणाला, 'पण त्याने खुशीने घेतला ना!' काका म्हणाले, 'मग जे स्वतःसाठी पसंत केले असतेस, ते त्याच्यासाठी का केले नाहीस?'

अज्ञानातून आलेली राजीखुशी खरी राजीखुशी नव्हे, हा या गोष्टीचा अर्थ. ज्याला खरी किंमत माहीत नाही, त्याचे 'कबूल' अपुरे आहे.

चोरी आणि तिचे मदतनीस

चाचांचे १,७९९ रुपये फसव्या व्यापाराने नेले. ४८ हजार मात्र निव्वळ चोरांनी नेले. त्यात व्यापार कुठेच नव्हता. इथे नीतीपेक्षा दक्षता उपयोगी. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे देण्यासाठी असतो. क्यूआर कोडचेही तसेच. कंपनीचा नंबर शोधयंत्रावर न पाहता कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर किंवा बिलावर पाहावा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप घेऊ नये. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पैसा पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता आला तरच तो परत मिळण्याची आशा. चाचांनी लाजेपोटी एक रात्र घालवली.

पण हा पैसा सरकतो कुणाच्या खात्यांतून? इथे मला एक कटू गोष्ट बोलायची आहे. गावोगावची बेकार पोरे थोड्या पैशांसाठी आपले बँक खाते आणि सिमकार्ड भाड्याने देतात. 'मी काही केले नाही, फक्त खाते दिले', असे म्हणतात. कुराणाच्या 'माइदा' सुरेत आज्ञा आहे की, पापात आणि अत्याचारात एकमेकांना साहाय्य करू नका. खाते देणारा त्या चोरीचा भागीदारच आहे आणि पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात.

अशा पैशाने पुढे सदका केला, मशिदीला पंखे दिले, उमराह केला, तर तो पैसा शुद्ध होतो का? नाही. इस्लामी शिकवणीत माणसांचे हक्क, म्हणजे 'हुकूकुल इबाद', वेगळे मानले आहेत. तौबा करायची तर ज्याचे घेतले त्याला परत करावे लागते. ते न करता केलेली तौबा अर्धवट राहते.

मुहतसिबाची जागा

नीती सांगून सगळे सुधारले असते तर पोलीस लागले नसते. जुन्या इस्लामी नगरांत 'मुहतसिब' नावाचा अधिकारी बाजारात फिरे. मापे तपासणे, दुधातले पाणी आणि मसाल्यातली भेसळ पकडणे हे त्याचे काम. त्याच्यासाठी हस्तपुस्तके लिहिली गेली होती. खलिफा उमर यांनी शिफा बिंत अब्दुल्ला या विदुषीकडे मदिनेच्या बाजाराचे काही काम सोपवले होते, असे परंपरा सांगते.

आपल्या देशात खरेदी-विक्रीचे व्यवहार शरियतप्रमाणे चालत नाहीत. ते सर्वांना समान अशा देशाच्या कायद्याने चालतात, आणि ते योग्यच आहे. समाधानाची बाब अशी की, हा कायदाही आता ओल्या धान्याच्या ढिगापाशी पोचला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ग्राहक असल्याचे सोंग घेऊन आपल्याच मालाची स्तुती लिहिता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात झाले पाहिजे. खोटी घाई करणारी घड्याळे, नकळत टोपलीत टाकलेल्या वस्तू अशा १३ प्रकारच्या क्लृप्त्यांना २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली. ग्राहकांसाठी १९१५ हा मदतक्रमांक आहे.

मात्र दुकानांची पेठ भरवणाऱ्या मोठ्या कंपन्या म्हणतात, 'आम्ही फक्त जागा देतो.' जागेचे भाडे घेणाऱ्याला, दलाली घेणाऱ्याला, आपल्या पेठेत ओले धान्य कोण विकतो हे पाहायला नको का? मुहतसिबाने दुकानदाराची मापे तपासली, तशी आता पेठेच्या मालकाचीही तपासली पाहिजेत.

'ला खिलाबा'

शेवटी पुन्हा चाचांकडे येतो. हदीसमध्ये एका अन्सारी माणसाची हकिकत आहे. काही कथनांत त्याचे नाव हब्बान इब्न मुन्किज असे येते. डोक्याला जखम झाल्यामुळे त्याची समज आणि वाचा दोन्ही अधू झाली होती. तरी त्याला बाजाराची हौस. रोज काहीतरी घ्यायचा आणि रोज फसायचा. घरचे लोक पैगंबरांकडे गेले आणि म्हणाले, याला व्यवहार करायला बंदी करा. अगदी दोह्याहून आलेल्या फोनसारखेच! पैगंबरांनी त्याला बोलावून व्यवहार करू नकोस असे सांगितलेही. पण तो म्हणाला, मला त्यावाचून राहवत नाही.

तेव्हा पैगंबरांनी बंदी लादली नाही. त्यांनी त्याला दोन शब्द दिले. सौदा करताना म्हण, 'ला खिलाबा', म्हणजे फसवणूक चालणार नाही. आणि घेतलेली वस्तू परत करायला तीन दिवसांची मुदत दिली. त्या बिचाऱ्याला तो शब्दही नीट उच्चारता येत नसे, तो 'खियाबा' म्हणे. तरी बाजाराला तो मानावा लागे. परंपरा सांगते की, पुढे म्हातारपणीही तो वस्तू घेई, घरचे म्हणत फसलास, तो परत करायला जाई. दुकानदार कुरकुरला, तर जाणारा-येणारा एखादा जुना सहकारी साक्ष देई की, याला तीन दिवसांचा अधिकार खुद्द पैगंबरांनी दिला आहे.

दुबळ्या माणसाला बाजारातून उठवणे सोपे होते. त्याऐवजी त्याच्यासाठी बाजाराचा नियम वाकवला गेला आणि साक्ष द्यायला शेजारी उभे राहिले.

ही हकिकत मी चाचांच्या मुलाला फोनवर वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'भाईजान, मोबाइल काढून द्या त्यांना.' आम्ही काही गोष्टी ठरवल्या. मोठी बचत वेगळ्या खात्यात, मोबाइलला जोडलेल्या खात्यात थोडेच पैसे. पैसे भरण्याआधी घरातल्या कुणाला तरी एकदा दाखवायचे. घाई करणारा फोन आला की ठेवून द्यायचा. मोबाइलच्या मागे चाचांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर १९३० हा आकडा आहे आणि खाली 'ला खिलाबा'.

४८ हजार परत आले नाहीत. नातीसाठी मशीन मात्र आले, बाजारपेठेतल्या दुकानातून. चाचांनी ते चालवून पाहिले, दोरा दोनदा तोडून पाहिला आणि पावती घेतल्यावरच पैसे मोजले. परवा सकाळी मी मासळीबाजारात गेलो, तर चाचा बांगड्याचे कल्ले उघडून बघत होते.

आपल्याही घरात असे कुणी असेल, तर त्यांचा मोबाइल कपाटातून काढून त्यांच्या हातात द्या. आणि त्यांच्या शेजारी बसा.